भाऊरावाच्या भोंग्यावरची ओवी

ता. २६ नोव्हेंबर २०१७

चि. रेवतीस आजीचे अ.उ.आ.

सगळ्यात आधी आली ते शेजारची कौशल्याबाई. चहा घे म्हटलं तं बसलीबी नाही. ओट्यावर ओंजळभर बोंडं टाकली अन् फोडून दाखवली. प्रत्येकात गुलाबी अळी. म्हणे, तुमचं तोंड पाहून बियाणं घेतलं जी, आता कापूस तुम्हीच येचा. मी म्हटलं बाई, मी काऊन? तं तिनं फोन काढला. त्याच्यात मी. भाऊरावाच्या बियाण्याच्या दुकानाच्या पाटीवरबी मी, दात काढून हासून राह्यली.

मागच्या साली दसऱ्यानंतर आपल्या वावरात सीतादही केली, आठवते का? खामगावच्या कॉलेजातली गुलनाज कॅमेरा घेऊन आली होती, जुनी गाणी जमवते म्हणे. गोड पोरगी, दहीभात दोन खेप मागून खाल्ला. पहिल्या वेचणीले आपल्यात बायाच पूजा करतात, गडीमाणसं वावराच्या धुऱ्याच्या पलीकडं. दहीभात शिंपून जिनं तिनं आपल्या मालकाचं नाव ओवीत घ्यायचं. वर्षातून तेवढ्याच वेळी मी तुझ्या आबाचं नाव तोंडातून काढते. त्याह्यले जाऊन चौदा वर्षं झाली तरी. इथंबी लिहीत नाही, तुले माहीत आहे. गुलनाज बाईमाणूस, म्हणून तिच्यासमोर म्हटली.

तिनं ते इंटरनेटवर टाकलं. तिथून बियाण्याच्या कंपनीनं उचललं, अन् मधात कोण्या बाईचा आवाज घातला की मी हेच बियाणं पेरते, तुम्हीबी पेरा. जूनमध्ये पेरणीच्या वेळी मी डोळ्याच्या आपरेशनले तुमच्याकडं नागपूरले होती, मले पत्ता नाही. आता अळी पडली तं तेच भाऊराव अळीची दवाई विकून राह्यले, अन् गाणं तेच. आटोवर भोंगा बांधून गावोगाव फिरवतात. काल पारावर बसलेली माणसं तुझ्या आबाचं नाव घेऊन खिदळत होती. मी डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढला अन् सरळ घरी आली.

अंगणवाडीतल्या बाया माझ्याशी बोलत नाहीत. पापडालेबी बोलावलं नाही. पण तुझी आजी रडली नाही बरं. भाऊरावले भर गावात तोंड लपवायले लावल्याबिगर मी काही मरत नाही. तू वकिलाकडं काम शिकते, काय करता येते ते सांग. फोन करू नको, मी तो पिठाच्या डब्यात टाकला आहे, कोण ऐकत असंल काय माहीत. पत्रच लिही. तिळाची चटणी पाठवली आहे, बरणी परत आणजो.

मायेत खंड पडू देऊ नको.
तुझी आजी, रुक्मिणी


नागपूर, ता. ५ डिसेंबर

ती. आजीस सा.न.वि.वि.

पत्र वाचून आधी रडू आलं, मग चटणी खाल्ली. फोन पिठातून काढ, पोळ्यांत बॅटरीचा वास येईल.

आमच्या सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, ओव्या सगळ्या गावाच्या, पिढ्यान्‌पिढ्यांच्या, त्यावर एकटीचा हक्क कसा सांगणार? मी म्हटलं, चाल सगळ्यांची, पण शब्द आजीने त्या दिवशी वावरात उभं राहून जोडले. शिवाय कायद्यात गाणाऱ्याचाही हक्क आहे, त्याला न विचारता त्याचं गाणं धंद्याला वापरता येत नाही. आणि तुझा चेहरा तर तुझाच. ऑगस्टमध्येच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की माणसाचं खाजगीपण हा त्याचा मूलभूत हक्क आहे. अर्धा तास आमचा वाद चालला. शेवटी सर म्हणाले, चल, लिही कंपनीला नोटीस.

गुलनाजशीही बोलले. चित्रीकरण तिचं, त्यामुळे तिनेही तक्रार केली. खूप शरमली आहे बिचारी, म्हणाली आजीचे पाय धरायला येते. आमच्या दोघींच्या तक्रारींवर परवा तो व्हिडिओ इंटरनेटवरून काढला गेला. कंपनीचे पुढच्या हंगामाचे फलक मात्र तुझ्या फोटोसह छापून तयार आहेत म्हणे. म्हणजे आता ते तुझ्या सहीसाठी येतील. गोड बोलतील. कशावरही सही करू नकोस. कोर्टात जायचं तर माझी तयारी आहे, पण निकालाला वर्षं लागतील, हे आधीच सांगते.

आणि आजी, तुझा स्वभाव मला माहीत आहे. भाऊरावाबद्दल बोललीस तर खरं तेवढंच बोल. खोटा एक शब्द निघाला, तर तो आपल्यालाच नोटीस पाठवेल.

डोळ्यांत थेंब वेळेवर घाल. आशीर्वाद आहेच, तो वाढता ठेव.
तुझी रेवती


ता. १६ डिसेंबर

चि. रेवतीस अ.उ.आ.

आले बाप्पा, तू म्हटलं तसंच आले. भाऊराव अन् कंपनीचा एक साहेब, काळ्या चष्म्याचा. हिरवं लुगडं, पेढे. भाऊराव एवढा वाकला की त्याची टोपी माझ्या ताटात पडता पडता राह्यली. साहेब म्हणे, आजी, तुम्ही आमच्या मातोश्रीवानी. मी म्हटलं, मातोश्रीचा फोटो लावा मंग पाटीवर. साहेब चष्मा पुसत बसला.

मंग कागद काढला. मागच्या सालची तारीख टाकून ठेवली होती, की मी राजीखुशीनं गाणं दिलं. भाऊराव म्हणे, "आजी, गाण्याले काय मालक असते?"

"मालक नसते, तं सहीले काऊन आलास बे?"

तोंडात पेढा होता त्याच्या, तो तिथंच अडकला. पाणी मीच दिलं.

मंग मी गोड झाली. म्हटलं, जुनं गाणं विसरा, त्याच्यात माझ्या मालकाचं नाव आहे, ते देत नाही. मी नवीन ओवी जोडून देते. पण घरात नाही गात. बाजाराच्या दिवशी, तुमच्या दुकानापुढं, तुमच्याच भोंग्यावर, साऱ्या बायांसमोर गाईन. गाणं आवडलं तं तिथंच सही. साहेब एवढा खूश झाला की त्यानं माझा हात हातात घेतला. म्हणे बॅनर लावू, मंडप टाकू. भाऊराव म्हणे, त्याच्यात माझंबी नाव घाला जी. मी म्हटलं घालते की, आधी तुझंच.

तुले म्हणून लिहून पाठवते, तुझ्या सराबिगर कोणाले दाखवू नको:

पहिली माझी ओवी गं, भाऊरावाच्या थैलीवर,
मले न पुसता बाई, माझं तोंड पाटीवर.

दुसरी माझी ओवी गं, बोंड फोडलं वावरात,
गुलाबी लुगडं नेसून अळी निजली घरात.

तिसरी माझी ओवी गं, आता दवाईची बाटली,
ज्यानं विकलं बियाणं, त्यानंच पुन्हा गाठली.

अजून सहा आहेत. पाहा, खोटा एक शब्द आहे का? तुझ्या सरालेबी विचार. गाणं माझं, आवाज माझा, अन् गाईन माझ्या मर्जीनं. गुलनाजले निरोप धाडला, पाय धरू नको, कॅमेरा घेऊन ये. या खेपेले मी सांगते म्हणून टाक इंटरनेटवर.

मंग कौशल्याबाईच्या घरी गेली. दार अर्धंच उघडलं तिनं. तिथंच उंबऱ्यावर उभी राहून तिले सगळ्या ओव्या म्हणून दाखवल्या. तिसरीले ती हासली, पाचवीले तिनं चहा ठेवला. बियाणं घेतलेल्या साऱ्या बाया अळीची बोंडं पदरात घेऊन येतील अन् प्रत्येक ओवीले दुकानाच्या पायरीवर टाकतील, हे तिनंच ठरवलं. मले झोप नाही लागून राह्यली आनंदानं.

तुले जमलं तं ये, नाही तं फोनवर पाह्यजो. माया आहे तशीच राहू दे.
तुझी आजी, रुक्मिणी

ता.क. साहेब गुरुवारी येतो म्हणत होता, मी म्हटलं गुरुवारी बाजार नसते, कोण राहते. मंडप, भोंगा अन् फोटोवाला घेऊन दोघंबी २२ तारखेले, शुक्रवारी, भर बाजारात येतो म्हणून गेले.