योगराजच्या डाव्या पायाची रिकीब

तीर्थस्वरूप भागीरथी अक्कास, गोडादऱ्याहून धाकट्या नरेंद्रचा साष्टांग नमस्कार.

तक्रार अशी की, तुझ्या चिरंजीवांच्या लग्नात मला मंगलाष्टकांऐवजी चामड्याला तेल चोळायचं काम आलं आहे. पोथी उघडली तरी हाताला खोगिराचा वास येतो. अश्वमेधाच्या पुरोहितालाही एवढं करावं लागलं नसेल.

वरातीची घोडी लोटूभाऊंची. पाय ठेवायची पितळी रिकीब देखणी, पण अरुंद. बुटाच्या दोन्ही बाजूंना बोटभर जागा हवी, नाहीतर पडताना पाय सुटत नाही. मी रुंद लोखंडी आणली. चढणाऱ्यांच्या वजनाने डावा पट्टा लांबला होता, त्याला वर एक भोक पाडून घेतलं. शिवण ओढून पाहू लागलो, तेव्हा लोटूभाऊ अहिराणीत म्हणाले, "गुरुजी, घोडी तुमनी शे का मनी?"

योगराज मजेत आहे. मोजडी सोडून टाचेचे बूट घालायला कबूल झाला. नवरीच्या, वृषालीच्या, घरचे प्रेमळ आहेत. तुझे गुडघे कसे आहेत? येताना दुपारची गाडी धरू नकोस, ऊन फार आहे.

फोनवर बोलताना योगराज शेजारीच असतो, म्हणून हे लिहितो. कापडाच्या लूमवरच्या त्या अपघातापासून त्याच्या डाव्या पायाला स्पर्श कळत नाही, हे तू जाणतेसच. डीजेला घोडी बुजली आणि पाय रिकिबीत अडकला, तर त्याला ते कळणारही नाही. माझं बोलणं तो हसण्यावारी नेतो. अक्का, मला फार भीती वाटते. घोडीवर बसू नकोस, असं त्याला तू सांग.

तुझा,
नरेंद्र