जित्या विहिरीवर माती

रविवार, २३ फेब्रुवारी

आले बाई एकदाची माझ्या स्वतःच्या घरात! सारंगखेड्यापासून जवळच, शेतात एकटं उभं असलेलं, तीन खोल्यांचं, पुढे अंगण आणि अंगणात लिंब. शेजारच्या शेतात मिरच्या वाळत घातल्यात, वारा फिरला की शिंका थांबत नाहीत, पण मला त्याही आवडल्या. धुळ्यात सासूबाईंच्या दोन खोल्यांत नऊ वर्षं काढली. तिथे माझं एक वाक्य कुणी पुरं होऊ दिलं नाही, म्हणून तर ही वही. नवऱ्याला तोंडावर ‘अहो’ म्हणते, वहीत मात्र धर्मेंद्र. वही थोडीच सासूबाई वाचणारेत!

धर्मेंद्रला इथल्या हायस्कुलात नोकरी लागली आणि घर मिळालं ते त्याच्या रतिलाल काकांचं. काका आता लेकीकडे सुरतेला राहतात. घरामागे विहीर आहे, चांगली सिमेंटची, काही वर्षांपूर्वीच खोदलेली. आज ओट्यावर माझी भांडी माझ्या मनासारखी लावली. कुणी हलवली नाहीत.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

कपाळ माझं! विहिरीत पाणीच नाही. मोटर लावली की जेमतेम दोन बादल्या येतात, मग नुसती घरघर. फाल्गुन लागायचाय अजून, वैशाखात काय होईल? धर्मेंद्र म्हणाला, नाहीच भागलं तर उन्हाळ्यापुरतं धुळ्याला जाऊ. उन्हाळ्यापुरतं! सासूबाईंच्या घरात एकदा पाऊल टाकलं की नऊ वर्षं जातात, मला विचारा. मी नाही जायची. पाणी इथेच काढायचं.

मग काकांना फोन लावला. ऐकून डोकंच फिरलं. लिंबाखाली आधी जुनी विहीर होती. भर उन्हाळ्यात काठोकाठ. ‘तठे पानीच पानी व्हतं,’ हे काका स्वतः अभिमानाने सांगतात! मग बुजवली का? तर जवळ एक विहीर असली की सरकारी योजनेत दुसरी बसत नाही. म्हणून जेसीबी बोलावून भरल्या विहिरीत माती लोटली, कागदावर ‘विहीर नाही’ झालं आणि ही कोरडी मंजूर करून घेतली. अशा हुशारीला आग लागो. शेजारची मंगलाबाई सांगत होती, माती पडत असताना विहीर दिवसभर बुडबुडत होती. ‘जित्ती विहीर बुजी टाकी व माय,’ असं म्हणाली. इकडे म्हणे विहीर बदलताना जुनीचं एक हंडाभर पाणी नवीत ओततात, जुनीला सांगून. काकांनी तेवढंही केलं नाही.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

युक्ती माझीच. पाणी लिंबाखाली आहे ना? मग नव्या विहिरीच्या तळातून तिकडे आडवं बोअर मारायचं. धर्मेंद्रला पटलं. तळोद्याकडून करणसिंग नावाचा मिस्त्री मशीन घेऊन आला. त्यालाही पटलं, म्हणाला, दोन दिवसांचं काम. विहिरीत शिडीने उतरायचं, तळाशी मशीन ठोकायचं आणि रॉडला रॉड जोडत खडकात मनगटाएवढं भोक पाडत जायचं. मंगलाबाईने विचारलं, जुनीला विचारलं का? मी म्हटलं, मावशी, मातीला काय विचारायचं! ती हसली नाही.

मंगळवार, ४ मार्च

दोन दिवसांचं काम म्हणे. पाच दिवस झाले. एकदा मशीन बंद, एकदा वीज बंद, एकदा करणसिंग स्वतःच बंद. रोज चहा मात्र चारदा.

आज खडक संपला. रॉड एकदम मऊ जागेत गेला, ठोकायची गरजच उरली नाही. जुनी विहीर लागली म्हणून आम्ही वर टाळ्या वाजवल्या. टाळ्या तशाच राहिल्या. पाणी आलं तर नाहीच, उलट विहिरीच्या तळाला जे गुडघाभर होतं तेच त्या भोकात गेलं. उसाचा रस नळीने ओढावा तसं, आवाज करत. घ्या! पी हळद अन् हो गोरी करायला निघाले होते मी, होतं तेही गेलं.

गुरुवार, ६ मार्च

काल संध्याकाळी करणसिंगने भोकात गोणपाटाचा बोळा ठोकून बसवला. आज तो नाही. सापडला कुठे? लिंबाखाली, जमिनीतून अर्धा वर आलेला, ओला. मिरच्या तोडायला येणाऱ्यांच्या पोरांचं काम असणार. मी सगळ्यांना झाडून शिव्या घातल्या. मंगलाबाई म्हणाली, पोरं तर आज आलीच नाहीत.

त्यात करणसिंग भोंगऱ्या बाजाराला, त्यांच्या डोंगरातल्या होळीआधीच्या जत्रेला, निघून गेला. होळी आटोपल्याशिवाय डोंगरातून कुणी खाली येत नाही म्हणे. मशीन आणि रॉड विहिरीतच. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास!

रविवार, ९ मार्च

मंगलाबाईच्या घरून पाणी आणते. दोन्ही खांदे भरून आलेत. सासूबाईंचा फोन आला होता, खोली झाडून ठेवलीये म्हणाल्या. मी फोन आपटला.

लिंबाखाली आज रॉडचं टोक वर आलंय. सरळ, खुंटी रोवल्यासारखं. आडवा घातलेला रॉड उभा कसा होईल? धर्मेंद्र म्हणतो, आतल्या दाबाने. गणिताचा मास्तर आहे, विज्ञानाचा नव्हे. मी त्या टोकाला हात लावला. थरथरत होतं. वीज तर सकाळपासून नव्हती.

मंगळवार, ११ मार्च

आता मला भीती वाटते. लिहून टाकते, वाटते. पण भीती वाटते म्हणून धुळ्याला जायचं? धर्मेंद्र सकाळी उतरला, उरलेले रॉड तरी काढू म्हणाला. वर आला तेव्हा तळहात सोललेले. म्हणाला, मी ओढतो तर पलीकडून कुणीतरी ओढतं. मी ओरडले त्याच्यावर. म्हणाला, जाऊ दे ममता, धुळ्याला जाऊ. मी म्हटलं, आधी ते भोक बंद करा. लाकडाची खुंटी ठोका, नीट, पुरुषासारखं.

असं म्हटलं मी. पुरुषासारखं.

बुधवार, १२ मार्च

उतरला. खुंटी, हातोडा, कमरेला दोर. मी वर होते. दोन ठोके ऐकू आले. तिसरा—

दोर हातातून सरसर गेला. हात भाजले. वाकून पाहिलं तर विहिरीत कुणी नाही. शिडी आहे, एक चप्पल आहे. दोराचं टोक भोकात जात होतं.

मनगटाएवढं भोक. माणूस कसा जाईल? कसा जाईल?

लोक आले, उतरले, वर आले. कुणी म्हणालं, बाजारात गेला असेल. पोलीस म्हणाले, होळी आहे, वाट पाहा. मी दोराचं सांगितलं. त्यांनी मंगलाबाईला माझ्याजवळ बसायला सांगितलं.

गुरुवार, १३ मार्च

लिंबाखाली खुंटी वर आली.

मग हातोडा.

जे आत जातं ते इथे येतं. म्हणजे तोही येईल. मी इथेच बसलेय. मंगलाबाईला पाठवून तिच्या घरून हंडाभर पाणी आणवलं, ते लिंबाखाली ओतलं. चुकलं म्हणाले. मोठ्याने म्हणाले. तू घे पाणी, सगळं घे, माझा माणूस दे. जमिनीने हंडा घटकेत पिऊन टाकला.

दुपारी दुसरी चप्पल.

शुक्रवार, १४ मार्च

गावात धुळवडीचे ढोल. माती मऊ झालीये. हाताने उकरतेय—

पाणी लागलं. अगं बाई, पाणी. थंड, गोड. वर येतंय. आता मला नकोय ते—

बोटं. आधी बोटं. नखाला लाल शाई, पेपर तपासत होता ना. त्याचीच. हलताहेत. जिवंत आहे!

मंगलाबाई लोकांना आणायला पळाली. खोटं म्हणतील म्हणून लिहितेय. उजव्या हाताने. डावा त्याने धरलाय. घट्ट. मी ओढतेय, तो येत नाही. कोपर पाण्यात गेलं—

मी ओढतेय, की—

त्याच्या बोटांवर अजून बोटं आहेत. खाली. पुष्कळ—

खांदा—

अहो, ओढू नका, मी ये