साडेआठचा सूर्य

अल बर्शा, दुबई
१४ जानेवारी २०२५

ती. उर्मिलाताईस,
प्रकाशचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर हे सांगवत नाही, म्हणून लिहितो. तुझा भाऊ सत्तराव्या वर्षी शेजारच्यांच्या खिडक्यांत डोकावतो, असं इथल्या बिल्डिंग ऑफिसचं म्हणणं आहे.

तुला ठाऊकच आहे, शाळेत शिकवत होतो तेव्हापासून मी रोज सकाळी सूर्यावरचे डाग टिपतो. एकोणतीस वर्षांच्या वह्या झाल्या. कुशलकडे राहायला आल्यावरही खंड पडू दिला नाही. समोरच्या दोन इमारतींच्या फटीत साडेआठला सूर्य येतो, तेवढ्यात बाल्कनीत दुर्बीण लावायची. सध्या तर डागांची नुसती गर्दी आहे; असे दिवस अकरा-अकरा वर्षांनी येतात. आणि दुर्बिणीला मी डोळा लावतच नाही. लावला तर आंधळा होईन! सूर्याची प्रतिमा मागच्या कागदावर पडते, तिच्यावरून पेन्सिलीने डाग टिपायचे. यात खिडकी दिसणार कुठून?

तक्रार आली म्हणून वही घेऊन खाली निघालो, तर कुशल आदल्या संध्याकाळीच लिहून देऊन आला होता, की वडिलांची चूक झाली, पुन्हा होणार नाही. मला न विचारता! वर मलाच सांगतो, की बाबा, खलास, इश्यू क्लोज झालाय, आता वाढवू नका. दुर्बीण कपाटात कोंबली आहे आणि चार दिवस वही कोरी आहे.

तुझ्याशिवाय हे कुणापुढे ओकणार? माया आहे तशीच ठेव.
तुझा,
प्रकाश

सातारा
२७ जानेवारी २०२५

चि. कुशल यास आत्याचे अ. उ. आ.

सूनबाई शुभ्राची, छोट्या मिहिकाची खुशाली नंतर विचारते, आधी तुझा कान धरते. माझ्या घरीसुद्धा जो माणूस बाहेरून हाक मारल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही, त्याच्याबद्दल तू असं लिहून दिलंस? तुला नोकरीची, व्हिसाची धास्ती वाटली असेल, ते मी समजू शकते. पण ऑफिसवाले परके. तू तर त्याचा मुलगा ना? ज्या हाताने सही केलीस, त्याच हाताने तो कागद परत आण.

रागावले तरी जीव तुझ्यावर आहेच, तो तूही ठेव.
उर्मिलाआत्या

अल बर्शा, दुबई
९ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र चांगलंच लागू पडलं. कुशलने सिक्युरिटीच्या हमदुल्लाला बाल्कनीत आणून सगळं दाखवलं. त्या भल्या माणसाने कागदावरचे डाग मोजले, सात भरले, आणि त्यानेच माझी माफी मागितली. त्याने का मागावी? ऑफिसने कागद परत दिला, कुशलने तो माझ्यासमोर फाडला. मिहिका खूश, फायनली, फायनली म्हणत घरभर नाचली.

मग मी कुशलला एकट्याला गाठून विचारलं, की सही करताना तुला ते खरं वाटलं होतं का. नाही म्हणायला कितीसा वेळ लागतो, ताई? त्याने खिशातून फोन काढून दोन मेसेजना उत्तरं दिली. मग म्हणाला, "तेव्हा मी नीट विचार केला नव्हता, बाबा."

महिनाअखेरचं तिकीट काढलं आहे. दुर्बीण घेऊनच येतो. त्याला आता तू काही लिहू नकोस. माझा राग त्याला पुरेसा आहे, आणि मलाही.

थोडे दिवस सांभाळून घे.
तुझा,
प्रकाश