आपोलोनियाचे कागद

१४ जून १६२९

गारा. अर्ध्या तासात रायचं उभं पीक झोपलं, द्राक्षं गेली. संध्याकाळपर्यंत गावाला गुन्हेगारही सापडला — आपोलोनिया, आमची सुईण. रविवारी तिनं आभाळाकडे बघून हात हलवला म्हणे, म्हणजे चेटूकच! माझी तिन्ही मुलं तिच्याच हातची. तिला बुरुजात डांबायच्या हुकमावर नगराध्यक्ष म्हणून सही मीच केली. नाहीतर लोकांनी तिला घरातच जाळलं असतं.

१६ जून

सभेत व्हाइट, आपला बिअरवाला, हात धुऊन मागे लागला. "साहेब, टांगा तिला दोरीला. दोन तासांत पोपटासारखी बोलेल."

म्हटलं, टांगल्यावर तूही बोलशील. कोणी हसलं नाही.

शेवटी कायद्याचा आडोसा घेतला. विद्यापीठातल्या कायदेपंडितांचं मत आल्याशिवाय छळ नाही. कागद तिकडे पाठवायचे, ते सांगतील तसं करायचं. कुरकुरत का होईना, मानलं सगळ्यांनी.

तरुणपणी चार वर्षं मीही त्याच टेबलाशी बसून अशी मतं लिहिली. आठवड्याला दहा-बारा गठ्ठे. आरोपीचं नाव चिठ्ठी चिकटवून झाकलेलं असायचं, तोंड तर कधीच पाहिलं नाही. एकदा नोव्हेंबरात, संत मार्टिनच्या सणाला, भाजलेल्या हंसाचं जेवण गार होईल म्हणून तीन गठ्ठे एका दुपारीत उरकले होते. तेव्हा तिथून फार आशा नाही. पण दुसरा रस्ताही नाही.

१९ जून

बुरुजात जाऊन जबानी स्वतः घेतली. कागद असा बिनचूक करायचा की पंडितांना बोट ठेवायला जागा राहू नये. नाव, वय, गाव, आईबाप. आईपाशी येऊन ती अडली.

"हे लिहायलाच हवं का, साहेब?"

"अर्धवट कागद तिथं संशयानं वाचतात."

"क्रेहेनरोडेला जाळली तिला. बावीस वर्षं झाली. इथं कुणाला ठाऊक नाही. तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं." मग म्हणाली, "बाईंना सांगा, धाकटीला गार पाण्यात खेळू देऊ नका. छाती नाजूक आहे तिची."

आमचा लेखनिक टोबियास टाक थांबवून माझ्याकडे बघत राहिला. लिही म्हटलं. लिहिलं त्यानं.

२० जून

बायकोला सांगून बसलो. झिबिला भडकली.

"तिच्या आईचं तुम्हाला कुणी विचारलं होतं?"

"नमुन्यात रकाना आहे."

"मग तो रिकामा सोडता आला नाही?"

नाही आला. तीस वर्षांत एकही सोडलेला नाही. गठ्ठा सकाळीच घोडेस्वाराबरोबर गेला. आता माघारी बोलावता येत नाही.

२ जुलै

उत्तर नाही. धाकटी खोकते आहे.

५ जुलै

व्हाइटनं नवा कोरा दोर आणून सभागृहात ठेवला. "पंडित नाही म्हणाले, तर माझी पिंपं बांधायला होईल." या वेळी सगळे हसले. मला भीती वाटते. तिच्यासाठी वाटते, आणि त्या एका रकान्याची तर फारच.

बुरुजाखालून जाताना वर बघितलं नाही.

८ जुलै

निकाल आला. छळाला परवानगी. कारण एकच: आरोपी ही कबुली दिलेल्या चेटकिणीची मुलगी. पुरावा म्हणून दप्तरातून क्रेहेनरोडेचं जुनं मत काढून जोडलंय — आईला दोरीला टांगावं, असं सांगणारं. एकच पान. सभेत मोठ्यानं वाचायला घेतलं आणि दुसऱ्या ओळीला थांबलो. तारीख मार्टिनच्या सणाची. अक्षर माझं.