नोंद ४१२ : हिरवा स्वेटर

११ नोव्हेंबर, मंगळवार

तीन दिवसांची रजा संपली. खोलीचं कुलूप काढलं तर टेबलावर हा ढीग! मी नसले की ठाण्यातली मंडळी मालखान्याला घरचा माळा समजतात. दोन छत्र्या, एक डावा बूट, एक कवळी — तिचा मालक बिचारा तीन दिवस काय गिळत असेल देव जाणे — आणि एक कापडी पिशवी. पिशवीवर जांभईमामांची चिठ्ठी. "बसमध्ये सापडली. ड्रायव्हरने आणून दिली." झालं! ड्रायव्हरचं नाव नाही, बसचा नंबर नाही. पुढच्या टेबलावरच्या या हवालदाराची तीस वर्षं नोकरी झाली, त्यातली वीस जांभया देण्यात गेली. डेपोचे ड्रायव्हर दर आठवड्याला काहीबाही आणून टाकतात आणि हे मान वर न करता 'सापडली' लिहून मोकळे होतात.

पिशवीत हाताने विणलेला हिरवा स्वेटर. बाईमाणसाचा, नवा दिसतो. बिस्किटांचा पुडाही होता म्हणे. "खायच्या वस्तू ठेवायच्या नाहीत, तुमचाच नियम ना बाई, म्हणून नष्ट केला." मिशीत चुरा तसाच होता!

नोंद केली, क्रमांक ४१२. राखीव खूण हवी म्हणून स्वेटर उलटा केला. प्रत्येक वस्तूची एक खूण मी जाहीर करत नाही, पाकिटात बंद करून साहेबांकडे देते. जो ती खूण न बघता सांगेल, वस्तू त्याची. डाव्या बगलेच्या शिवणीत वीतभर जादा लोकर गुंडाळून टाकलेली दिसली.

मग मला काही सुचेना. आज पुरे.

१२ नोव्हेंबर

ही आईची रीत. स्वेटर कधी उसवला तर तशीच लोकर बाजारात शोधत कोण फिरणार, म्हणून ती आधीच शिवणीत ठेवून द्यायची. दुसऱ्या कुणाचं असं पाहिलं नाही. शिकवलं आम्हा दोघींना, पण माझ्या हातात सुया म्हणजे आनंदच होता. शिकली ती धाकटी.

म्हणजे धाकटी इथून गेली! बसमध्ये बसली होती, पिशवी विसरली. विसरभोळी तर ती पहिल्यापासून. माप तिचंच आहे — आम्ही दोघी एकाच बांध्याच्या, एकमेकींचे कपडे घालूनच वाढलो.

आठ वर्षं झाली. आई गेली तेव्हा ती चौथ्या दिवशी पोचली. त्या चार दिवसांत मी सगळं एकटीने केलं होतं, डोकं ठिकाणावर नव्हतं. दारातच विचारलं, "आता काय न्यायला आलीस?" तिने काढलेली चप्पल पुन्हा पायात घातली आणि गेली. पाणीसुद्धा न पिता. मला तेव्हा वाटलं, बरं झालं! वर्षभराने पत्र टाकलं ते परत आलं, पत्ता बदललेला. नंतर आम्हीही घर बदललं.

१३ नोव्हेंबर

साहेबांना सांगितलं, ४१२ माझ्या बहिणीचा आहे.

"मग बोलवा की बहिणीला."

पत्ता नाही म्हटलं. ते म्हणाले, "तुम्हाला देऊन टाकला असता हो. पण वस्तू हाताळलेल्या माणसाला ती मागता येत नाही. हा नियम कुणी लावला?"

मीच लावला. माझ्या आधीच्या कारकुनाने 'माझ्या मेव्हण्याचं' म्हणून घड्याळ नेलं होतं, त्यावरून. आता भोगा आपल्या कर्माची फळं!

पण मला स्वेटर नकोच आहे. मला ती यायला हवी आहे. समोरच्या खुर्चीत बसून तिने खूण सांगायला हवी.

२० नोव्हेंबर

डेपोत जाऊन आले. ड्रायव्हरांच्या पाळ्या आठवड्याला बदलतात. जे भेटले त्यांना विचारलं, कुणाला दहा तारखेच्या सुमारास बसमध्ये पिशवी सापडली होती का? नाही, नाही, नाही. फळ्यावर चिठ्ठी लावून आले — 'ज्यांना कापडी पिशवी सापडली त्यांनी ठाण्यात भेटावे.' ठाण्याबाहेरच्या फलकावर सूचना लावली ती मोठ्या अक्षरांत. धाकटीला लांबचं नीट दिसत नाही.

२ डिसेंबर

"हिरव्या स्वेटरचं विचारायचं होतं." दारातून बाईचा आवाज. मी अशी उठले की टेबलाचा कोपरा मांडीत घुसला!

ती नव्हती. कुणी भलतीच, ओठ रंगवलेली. रंग हिरवा, विणलेला — सूचनेतलं सगळं घडाघडा बोलली. "आणखी काही खूण?" "खूण म्हणजे... चांगला ऊबदार आहे हो!" मामा तिकडे फाइलमागे तोंड लपवून हसत होते. मी बाईला वाटेला लावलं. मग उगाचच मामांवर खेकसले.

१९ डिसेंबर

कुणी नाही.

२७ जानेवारी

दुपारी दार आतून लावून स्वेटर घालून पाहिला. नियमात बसत नाही, माहीत आहे. पाचच मिनिटं. गळा थोडा सैल विणलाय. घट्ट गळ्यात आम्हा दोघींचाही जीव गुदमरतो, लहानपणापासून.

लगेच घडी घालून ठेवला. रडू आलं. छत्र्यांसमोर रडायला लाज कसली!

९ मार्च

वर्तमानपत्रात बेवारस वस्तूंची यादी आली. ४१२ सातव्या ओळीत. घरी सकाळी ती ओळ तीनदा वाचली. हे म्हणाले, "अगं, आली तर काय बोलणार आहेस ते तरी ठरवलंस का?"

ठरवलंय. चार महिने दुसरं काय करतेय मी? आधी बस म्हणायचं. मग पाणी. मग, त्या दिवशी मी फार वाईट बोलले. एवढंच. पुढचं ती बोलेल. नाही बोलली तरी चालेल, पण तिने बसावं.

२२ एप्रिल

सहा महिन्यांची मुदत संपायला एकोणीस दिवस. यांनी विचारलं, वाढवून नाही घेता येत? येते, दावा आला असेल तर. आणि दावा करणार कोण? जिला मी विचारलं होतं 'काय न्यायला आलीस', ती माझ्याच टेबलाशी येऊन 'माझं मला द्या' म्हणेल? फलक वाचला असला, यादी वाचली असली, तरी खाली माझं पद वाचून परत गेली असेल. मीही परत गेले असते. आम्ही दोघी एकाच माळेचे मणी!

११ मे, सोमवार

सहा महिने पूर्ण. कपडे निराधार बायकांच्या वसतिगृहाला जातात. त्यांची गाडी अकराला आली.

साहेब म्हणाले, "बाई, एक कपडा राहिला तर मी काही बघितलं नाही." मामाही म्हणाले, "ठेवा हो, कोण विचारतंय!" दोघांचं मन चांगलं. पण आज एक ठेवला तर उद्या मी कुणाला कुठल्या तोंडाने नाही म्हणू? सही केली. ४१२, निकाली.

वसतिगृहाच्या बाईंनी तिथेच उघडून पाहिला. "हात चांगला आहे हो विणणारीचा." मी म्हटलं, "माझी बहीण आहे." त्यांना वाटलं मी त्यांना बहीण म्हणाले. हसल्या, नमस्कार करून गेल्या.

१२ मे

कपाट रिकामं दिसतं. आठ वर्षांत ती जितकी आठवली नसेल तितकी आज आठवते.

१९ मे, मंगळवार

मामा रजेवर. त्यांच्या टेबलावर मी. अडीचला डेपोचा एक ड्रायव्हर छत्री घेऊन आला. मी नाव विचारलं, बसचा नंबर विचारला, ती कुठल्या सीटखाली मिळाली ते विचारलं. तो बघतच राहिला. "मालखान्यातल्या बाई त्या तुम्हीच का? मग स्वेटर बसला का अंगाला?"

कुठला स्वेटर, मी म्हटलं.

"हिरवा! तुमच्या बहिणीने दिला होता ना माझ्याकडे. म्हणाल्या, ताई तिथे मालखान्यात असते, तिला द्या, बाकी काही सांगू नका, ती ओळखेल. तुम्ही रजेवर होतात. त्या हवालदारांकडे दिला."

डेपोतली चिठ्ठी त्याने वाचली होती. पण त्याला पिशवी सापडली नव्हती, मग तो कशाला येईल?

"पुढे दर फेरीला स्टॉपवर येऊन विचारायच्या, पावलं का, ताई काही म्हणाली का. मी सांगायचो, पावलं की, ठाण्यातच दिलंय. ताई काय म्हणाली ते मात्र कळलं नाही. हल्ली दोनेक महिने विचारत नाहीत. नुसत्या भाजी घेऊन उभ्या असतात."

किती लांब आहे तो स्टॉप?

"चाळीस मिनिटं."

त्याची बस साडेतीनला सुटते. आत्ता तीन वीस. रजेचा अर्ज दिलेला नाही.