मोगऱ्याची अगरबत्ती

मंगळवार, संध्याकाळ

प्रशिक्षणात सांगितलं होतं, वर्गातलं वातावरण प्रसन्न ठेवा. म्हणून गेला आठवडाभर मी पहिलीच्या वर्गात रोज सकाळी अगरबत्ती लावतेय. मोगऱ्याची. धाकटी डहाणू गावात माझ्या वर्गातल्या मुलांच्या अंगणात बोंबील वाळतात, कपड्यांना तोच वास असतो, हे डोक्यातही आलं नाही. की आलं होतं?

आज काडी पेटवली तोच निशा जवळ आली. केस ओले, मानेवर पावडरचा थर. हळूच म्हणाली, "बाई, आज नका लावू. आईनं साबणानं खूप घासलंय मला."

काडी बोटापर्यंत जळत आली, तेव्हा फुंकली. मग हजेरी घेतली, पाढे घेतले. रडू येईल असं वाटलं, आलं नाही. मोगऱ्याचा पुडा अजून पर्समध्येच आहे. घरभर त्याचाच वास.