परिभाषेतली प्रमिलाबाई

धुळे,
१६ जून १९८९

आदरणीय मोतीलालभाऊ यांस,

तुमच्या धाकट्या मेहुण्याचा, अभिमनचा, दोन्ही हात जोडून नमस्कार. वहिनींची कंबर आता कशी आहे? आईंच्या गुडघ्यांना तेल लागतंय ना? मागच्या वावटळीत तुमच्या रावेरकडच्या केळी आडव्या झाल्या असं ऐकलं, तुमची बाग उभी आहे अशी आशा करतो. इकडे मी खुशाल आहे. (खुशाल म्हणजे जिवंत. खिचडी खालून करपते आणि वरून कच्ची राहते, हे कसं जमतं ते वहिनींना विचारा.) प्रमिला आखाजीच्या सणाला चार दिवस म्हणून तुमच्याकडे माहेरी आली, त्याला आज एकोणचाळीस दिवस झाले. पण हे पत्र त्याबद्दल नाही, हे आधीच सांगतो. हे पत्र परिभाषेबद्दल आहे आणि आपल्या दोन्ही घरांच्या अब्रूबद्दल आहे. खाली बसून वाचा.

तुम्हाला माहीतच आहे, मी इथे कॉम्प्युटरच्या क्लासात शिकवतो. मशीन दोन, विद्यार्थी चौदा, त्यातले निम्मे माझ्याहून वयाने मोठे. मराठीतून प्रोग्रॅम शिकवणारी पुस्तिका मी वर्षभर लिहितोय आणि तिच्यात प्रत्येक आज्ञेला मराठी नाव द्यायचंय. आता नीट ऐका. मशीनला एका ओळीवरून दुसरीकडे धाडणाऱ्या दोन आज्ञा असतात. एक 'गोसब', म्हणजे जा, काम उरक आणि जिथून निघालास तिथेच परत ये. दुसरी 'गोटू', म्हणजे नुसतं जा, परत यायचं नाव नाही. पहिलीला मी 'सप्रत्यावर्ती उपगमन' म्हटलं आणि दुसरीला 'अप्रत्यावर्ती प्रस्थान'. (प्रमिलाने विचारलं, हे मंत्र कोणत्या होमातले? मी म्हटलं, तुला त्यातलं काय कळतंय! ते बोलायला नको होतं, पण ते राहू द्या.)

परवा ही नावं तपासायला जळगावहून कौतिकराव साहेब आले. त्यांनी पसंत केली तरच पुस्तिका छापायची, नाहीतर माझं वर्ष मातीत. मी इस्त्रीचा सदरा घालून उभा. साहेबांनी पहिल्या बाकावरच्या सुपडूआप्पांना उठवलं. (हे कापसाच्या जिनिंगमधले कारकून, वय पंचेचाळीस, तोंडात कायम सुपारी.) विचारलं, अप्रत्यावर्ती प्रस्थान म्हणजे काय? आप्पांनी माझ्याकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. मग साहेबांनी सरळ विचारलं, गोटू आणि गोसबमध्ये फरक काय? आप्पांचा चेहरा खुलला. म्हणाले, सोपं आहे साहेब, गोसब म्हणजे आखाजीची लेक, माहेरी जाते, चार दिवस राहते आणि निघाली त्याच घरी परत येते. साहेबांनी मान डोलावली. आणि गोटू? आप्पा म्हणाले, गोटू म्हणजे प्रमिलाबाई.

भाऊ, माझ्या हातातला खडू खाली पडला. लगेच चौदाच्या चौदा तोंडांनी एका सुरात, "गयी ती गयी, परत उनीच नही!" गेली ती परत आलीच नाही, हा पाठ गेले पंधरा दिवस माझ्या पाठीमागे चालू होता! अहो, पाचवीला असल्यासारखे घोकत होते! नंतर आप्पांना गाठून विचारलं, हे तुम्हाला सांगितलं कोणी? तर म्हणाले, "सर, बठ्ठा धुयाले माहीत शे." सगळ्या धुळ्याला माहीत, आणि मी मूर्ख, शेजारणीला रोज सांगत होतो की प्रमिला उद्याच येणार.

पण खरा धक्का पुढेच आहे. साहेबांनी टाळी वाजवली. म्हणाले, वर्षानुवर्षं फायली वाचतोय, इतकी स्वच्छ परिभाषा पाहिली नाही, एकदा ऐकलं की विसरणार नाही. माझी दोन्ही नावं त्यांनी लाल पेनाने खोडली, आखाजीची लेक आणि प्रमिलाबाई वर लिहिल्या आणि सही ठोकली. मग चष्मा काढून विचारलं, ही प्रमिलाबाई कोण? मी म्हटलं, खानदेशातल्या एका लोककथेतली बाई आहे साहेब. झालं! आता ती लोककथा दहा ओळींत तळटीप म्हणून लिहून सोमवारी छापखान्यात द्यायची आहे. पाचशे प्रती निघणार आहेत. भाऊ, त्या कथेत मी काय लिहू? बाई का गेली, ते लिहू? नवरा काय म्हणाला, ते लिहू?

घरातल्या सर्वांना माझा नमस्कार सांगा. उत्तराची वाट पाहतो.

तुमचा,
अभिमन

ता. क. नाव खोडायला कारण लागतं. प्रमिला सोमवारच्या आत परत आली, तर उदाहरणच चुकीचं ठरतं आणि चुकीचं उदाहरण काढून टाकायचा हक्क लेखकाला आहे. केवळ परिभाषेच्या दृष्टीने तिला पाठवावं, ही विनंती.

ता. क. २. वर परिभाषेच्या दृष्टीने लिहिलं, ते खोटं आहे. निघताना ती म्हणाली होती, चौथ्या दिवशी घ्यायला या. मी म्हटलं, पुस्तिका झाल्यावर बघू. मानही वर केली नाही, भाऊ. मग लाज वाटली म्हणून आलो नाही, आणि आलो नाही म्हणून अजून लाज वाटली. पुस्तिका गेली चुलीत. मला घरात बोलायला माणूस नाही.

ता. क. ३. वर धुळे लिहिलंय खरं, पण मी दुपारपासून रावेरच्या स्टँडवर बसलोय. न बोलावता जावयाने दारात यावं कसं, म्हणून हे पत्र. तुमच्या ट्रकवरचा झुलाल ड्रायव्हर आत्ता चहाला भेटला, त्याच्या हाती देतोय. तो सांगतो, प्रमिलाताई महिनाभर रोज धुळ्याच्या चारच्या गाडीला स्टँडवर येतात, सगळे उतरेपर्यंत थांबतात आणि घरी जातात. भाऊ, हे मला कोणीच सांगितलं नाही! पावणेचार झालेत. मला बघून ती तशीच माघारी फिरली, तर तिला दारात अडवून हे पत्र वाचायला द्या. तुम्ही वाचलं नाही तरी चालेल.